डिझाइन करायला मिळतं का? चिपळूणच्या एका छोट्या ऑफिसातून उत्तर

प्रश्न थोडक्यात असा होता: मुंबईतल्या मोठ्या आर्किटेक्चर फर्ममध्ये दोन वर्षं झाली, मूळ गाव गुहागर तालुक्यात. परत येऊन जिल्ह्यातल्या एखाद्या छोट्या ऑफिसात काम करावं आणि पुढे स्वतःचं काढावं असं मनात आहे. पण तिथं रोज नेमकं काय चालतं? डिझाइन करायला मिळतं, की नुसते परवानगीचे नकाशे आणि साइटवरची भांडणं?

तुझं वय माझ्या मुलाएवढं असणार, म्हणून अरे-तुरे करते. मी चिपळुणात चोवीस वर्षं हेच करते आहे. सरळ उत्तर आधी देते: डिझाइन करायला मिळतं. आठवड्यातून साधारण एक दिवस, आणि तोही सलग नाही. त्या एका दिवसात काढलेल्यातलं प्रत्यक्षात किती उतरणार, ते उरलेल्या पाच दिवसांत ठरतं. मोठ्या फर्ममध्ये ही दोन कामं वेगवेगळी माणसं करतात, म्हणून तुला तिथल्या खुर्चीवरून हे दिसत नसणार.

ऑफिसात आम्ही चौघं. मी, तीन वर्षांपूर्वी पास झालेली एक ज्युनिअर, आयटीआय केलेला एक ड्राफ्ट्समन (हा पहिल्या वर्षापासून माझ्याकडे आहे आणि माझ्या चुका माझ्याआधी त्याला दिसतात) आणि एक साइट सुपरवायझर. आरसीसी कन्सल्टंट (सळ्या-काँक्रीटचा हिशोब करणारे) बाहेरचे. हातात एका वेळी बारा-चौदा कामं, त्यातली सहा-सात साइटवर चालू. बहुतेक घरंच. मधूनच एखादं देऊळ, दवाखाना, शाळेच्या दोन खोल्या, आंब्याच्या पॅकिंगची शेड.

आमचं वर्ष दसऱ्याला सुरू होतं. हे नीट लक्षात घे, कारण इथल्या प्रत्येक निर्णयाच्या मागे पाऊस उभा असतो. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि जवळजवळ सगळा चार महिन्यांत. म्हणून पाया आणि जोतं दिवाळीच्या आसपास, पहिला स्लॅब जानेवारीत, छप्पर मेच्या पंधरा तारखेच्या आत. छप्पर चढलं की भर पावसातही आत गिलावा, लादी, वायरिंग करता येतं आणि गणपतीला घरात दिवा लागतो. छप्पर राहिलं तर भिंती चार महिने पाणी पितात, मोकळ्या सळ्यांवर गंज चढतो, भात लावायला गावी गेलेले कामगार दसऱ्याशिवाय तोंड दाखवत नाहीत. २०२५ साली तर मे अर्धा भिजलेलाच होता आणि शेवटच्या आठवड्यात मोसमी पाऊसच येऊन बसला. माझ्या दोन साइटवर छपराचे लोखंडी सांगाडे (ट्रस) उभे होते आणि कौलं खाली अंगणात रचलेली. पुढचे दहा दिवस आम्ही कोणी डिझाइन वगैरे केलं नाही, ताडपत्र्या शोधत फिरलो.

आमच्या ऑफिसात प्रत्येक नव्या वर्षाचं पंचांग आलं की आधी अधिक महिना बघतात. हसू नकोस. २०२२ साली गणपती ३१ ऑगस्टला होते. २०२३ साली अधिक श्रावण आला आणि गणपती १९ सप्टेंबरला गेले. ते अठरा-एकोणीस दिवस म्हणजे दोन खोल्यांची लादी आणि सगळ्या घराचा रंग.

आता क्लायंट. आमच्याकडच्या निम्म्याहून जास्त घरांचे मालक मुंबई-ठाण्यात राहतात. त्यांचे फोन रात्री नऊनंतर येतात, लोकलमधून उतरून जेवण झाल्यावर. साइटवर त्यांच्या वतीने कोणी तरी काका किंवा चुलतभाऊ उभा असतो. काकांना नकाशा वाचता येत नाही, पण मत असतं. सकाळी काका गवंड्याला सांगतात, ‘ही खिडकी कशाला एवढी मोठी, चोर येतील,’ आणि संध्याकाळी खिडकी एक फूट लहान झालेली असते. यावर उपाय एकच. पहिल्या महिन्यात काकांकडे दोनदा चहा प्यायचा आणि त्यांचंही एक मत खरोखर मान्य करायचं. बहुतेक वेळा त्यांचं एक तरी मत बरोबरच असतं. विहिरीला पाणी कुठल्या बाजूने येतं, दरड कुठून घसरते, कुठल्या झाडाखाली जागेवाल्याचं (जागा राखणाऱ्या देवाचं) स्थान आहे, हे मोजणीच्या नकाशात नसतं.

घर बांधायचंय म्हणून कोणी आलं की मी सगळ्यात आधी सातबारा मागते. तुझं गाव इथलंच असल्यामुळे तुला सांगायला नको, पण मुंबईच्या फर्ममध्ये हे कधी समोर आलं नसेल: इथं अर्ध्या जमिनी सामायिक. एका सातबाऱ्यावर मी एकतीस नावं पाहिली आहेत. तीन पिढ्यांच्या वारसनोंदी झालेल्या नाहीत, एक हिस्सेदार विरारला, एक बडोद्याला, एक कुठे आहे ते कोणालाच माहीत नाही. सुरुवातीच्या काळात एका कामावर मी चार महिने घालवले. नकाशे झाले, मॉडेल झालं, फक्की (पांढरी पूड) टाकून जागेवर पायाच्या रेषा आखून झाल्या. आदल्या दिवशी टाकलेली फक्की दुसऱ्या दिवशी सकाळी पायाने विस्कटलेली. चुलतभावाची हरकत. ते घर पाच वर्षांनी झालं, दुसऱ्या जागेवर, दुसऱ्या नकाशाने. त्या पहिल्या चार महिन्यांचे पैसे मागायला मला तोंड नव्हतं, कारण विचारायला हवं होतं ते मी विचारलं नव्हतं. आता संमतीपत्रं हातात आल्याशिवाय पेन्सिल उचलत नाही. क्लायंट रागावतात. रागावू देत.

तुझ्या मूळ प्रश्नाकडे येते. डिझाइन कुठे असतं? एक उदाहरण सविस्तर सांगते, कारण या प्रकारचं घर तुला इथं वर्षातून दोन-तीनदा करावं लागेल.

हे घर वर्षातले अकरा महिने बंद असतं. गणपतीत अकरा दिवस त्यात पंचवीस-तीस माणसं राहतात. मे महिन्यात दोन कुटुंबं पंधरा दिवस. बाकी कुलूप. कॉलेजात अशी अट घालून कोणी प्रोजेक्ट दिला नव्हता. कोणी ‘बंगला’ म्हणून तीन बेडरूम, प्रत्येकीला संडास-बाथरूम असा नकाशा काढला की तो दोन्ही वेळी चुकतो. गणपतीत माणसं मावत नाहीत, आणि बंद घरात तीन बाथरूमच्या नहाणी ट्रॅपमधलं, वास अडवणारं पाणी महिना-दोन महिन्यांत आटून सेप्टिक टँकचा वास गाद्यांपर्यंत पोचतो. (कुलूप लावताना प्रत्येक ट्रॅपमध्ये चमचाभर गोडं तेल ओतायला सांगते. तेलाच्या थराखाली पाणी जास्त दिवस टिकतं. ही युक्ती मला एका काकीने शिकवली, कुठल्या हँडबुकाने नाही.)

मग काय करायचं? जुन्या घरांकडे बघ. ओटी, पडवी, माजघर, मागे न्हाणीघर. गणपती माजघरात बसायचा आणि आरतीची माणसं पडवीपर्यंत उभी राहायची. खोल्या कमी, पण सगळ्या एकमेकींत उघडणाऱ्या. आम्ही आता गणपतीच्या खोलीला पडवीच्या बाजूने चार पल्ल्यांचा घडीचा दरवाजा देतो. तो उघडला की तीस माणसं आरतीला उभी राहतात, आणि रात्री तिथंच अंथरुणं पडतात. अंथरुणांसाठी माळा हवाच, आणि माळ्याला वारा हवा. संडास-बाथरूम दोनच, पण घराला लागून मागच्या बाजूला, स्वतंत्र छपराखाली, म्हणजे वास आणि ओल दोन्ही घराबाहेर. भिंतीच्या माथ्यावर, कौलांच्या खाली, चिऱ्यांचीच (जांभ्या दगडाच्या ठोकळ्यांचीच) जाळी सोडतो आणि आतून मच्छरदाणीची जाळी ठोकतो. घर बंद असतानाही तिथून वारा फिरतो. हे केलं नाही तर श्रावणात आलेल्या माणसाला कपाटातल्या देव्हाऱ्याच्या वस्त्रांवर बुरशी सापडते.

दरवाजांच्या चौकटींना वाळवी लागते, कारण अकरा महिने कोणी बघणारं नसतं. जुने लोक फणसाचं लाकूड वापरायचे. आता तेवढं पक्कं लाकूड मिळणं कठीण, म्हणून खालचा दीड फूट चौकट मी दगडाची करून घेते आणि वर लाकूड. सुतार कुरकुरतात. मेन स्विच आणि पंपाचा स्टार्टर दाराशीच. म्हातारे आजोबा निघताना विसरतात आणि मग गाडी खेडपर्यंत गेलेली असते.

आणि माकडं! यावर सभ्य चर्चा होत नाही, पण इथल्या छपरांचा निर्णय हल्ली वानरच घेतात. मंगलोरी कौलं आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या आहेत. मंगळूरला बासेल मिशनने १८६५ साली पहिला कारखाना काढला, तेव्हापासून हे कौल सगळ्या किनाऱ्यावर पसरलं. तीस अंशांच्या आसपास उतार, मोठी वळचण, खाली वारा. पावसाला याहून चांगलं छप्पर मला माहीत नाही. पण बंद घरावर वानरांचा कळप एकदा नाचून गेला की दहा-बारा कौलं फुटतात, मुंबईला कोणालाच कळत नाही, आणि गणपतीला आल्यावर माजघरात तळं. म्हणून लोक पत्र्याकडे वळले. पत्र्याला वाऱ्याची भीती. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात दापोली-मंडणगडकडे किती पत्रे उडाले ते तू ऐकलं असशील. नंतर मी पाहायला गेले तेव्हा दिसलं की बऱ्याच ठिकाणी पत्रा फाटलेला नव्हता. वाशासकट उचलला गेला होता, कारण वासा भिंतीला धरून ठेवणारं काही नव्हतंच. सध्या मी काय करते? लोखंडी ट्रस, त्याचे पाय भिंतीच्या माथ्यावरच्या आरसीसी पट्ट्यात बोल्टने आवळलेले, त्यावर पत्रा, आणि पत्र्यावर कौलं. महाग पडतं. कौल फुटलं तरी पाणी आत येत नाही, पत्रा तापत नाही, आणि पावसाचा आवाज सहन होईल इतका राहतो. परवडत नसेल तर नुसतं कौल आणि शेजाऱ्याकडे पन्नास जादा कौलं. सपाट गच्ची मात्र मी शक्यतो देत नाही. रत्नागिरी जिल्ह्यात कुठेही एसटीने फिर आणि बघ: सपाट गच्चीवर पाच वर्षांत पत्र्याची शेड चढलेली असते. मग पहिल्यापासूनच उतार का नको?

हे सगळं मला डिझाइन वाटतं. तुझ्या फर्ममध्ये याला ‘डिटेलिंग’ म्हणून कोणी खालच्या टेबलावर सरकवत असेल.

जांभ्याबद्दल थोडं बोलायलाच हवं. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, करवतीने कापला जातो, आणि हवेत राहून कडक होतो. फ्रान्सिस बुकॅनन याने १८०७ साली केरळात तो पाहिला आणि लॅटिनमधल्या ‘वीट’ या शब्दावरून त्याला लॅटराइट हे नाव दिलं, ते बरोबरच आहे. आपल्याकडे खाणीवर आणि चिऱ्याच्या बांधकामावर विजापूरकडचे कारागीर बरेच. तीसेक किलोचा चिरा एका हाताने फिरवून सुताला लावणारा गवंडी बघणं हा आनंद आहे. गेल्या काही वर्षांत मुंबईहून येणाऱ्या प्रत्येकाला चिरा उघडा हवा असतो. फोटोत छान दिसतो. पण जांभा सच्छिद्र आहे. पश्चिमेच्या आणि नैऋत्येच्या भिंतीवर जुलैमधली झड सरळ आपटते आणि ऑगस्टमध्ये आतला गिलावा ओला. ‘वरून पारदर्शक कोट मारू’ असं रंगवाला सांगतो. दोन-तीन पावसाळे जातात, मग पुन्हा मारा. जुन्या माणसांनी याच भिंतींना पावसाळ्यात झावळ्यांचे झाप का बांधले असतील? म्हणून माझा नियम: उघडा चिरा पूर्व-उत्तरेला किंवा तीन फूट वळचणीखाली. पश्चिमेला पडवी घाल किंवा गिलावा कर. हे सांगून मी दोन कामं गमावली. एकाने ते दुसऱ्याकडून करून घेतलं आणि पुढच्या वर्षी ओलीवर उपाय विचारायला आला. उपाय म्हणून शेवटी पडवीच बांधावी लागली.

स्लॅबच्या दिवशी काय होतं ते तुला पुस्तकातून माहीत आहे, म्हणून पुस्तकाबाहेरचं तेवढं सांगते. खरं काम आदल्या संध्याकाळचं. स्लॅबच्या सळ्यांखाली वीस मिलिमीटरचे कव्हर ब्लॉक (सळी उचलून धरणारे ठोकळे) आहेत की खडी सरकवली आहे? वरच्या जाळीखाली चेअर (सळीचेच वाकवलेले टेकू) आहेत की पाय पडून सगळी जाळी खाली बसली आहे? पंख्याच्या पेट्या, वायरिंगचे पाइप, बाथरूमचा संक (तिथं खाली घेतलेला स्लॅब). टेकू भरावावर उभे असतील तर खाली फळी हवीच, कारण भराव दबला की स्लॅबला पोट येतं. वाळू कुठली, हे तर विचारतेच. खाडीची वाळू खारी, सळीला गंज धरतो, आणि स्वस्त मिळाली म्हणून आणणारे अजूनही भेटतात. मी क्रश सँडवर (दगड फोडून केलेल्या वाळूवर) अडून बसते.

स्लॅबच्या दिवशी मी मिक्सरपाशी उभी राहते, वर नाही. वर सगळे असतात, मालक नारळ घेऊन, काका कॅमेरा घेऊन. मिक्सरवर एक मुलगा पाण्याचा पाइप घेऊन असतो आणि वरून सारखी ओरड येते, ‘माल सैल सोड’. सैल माल ढकलायला सोपा. त्या एका पाइपात सगळी ताकद वाहून जाते. पहिल्या काही वर्षांत मी तिथं उभी राहिले की गवंडी विचारायचे, ‘साहेब कधी येणार?’ आता ‘मॅडम खाली आहेत’ एवढं वर कळलं की माल आपोआप घट्ट होतो. त्याच काँक्रीटचे दीडशे मिलिमीटरचे क्यूब भरायला लावते, सात आणि अठ्ठावीस दिवसांनी तोडून बघायला. छोट्या घराला कशाला, असं सगळे म्हणतात.

त्यानंतरचं पाणी मारणं हे आमच्या जिल्ह्याचं खास दुखणं. तीन हजार मिलिमीटर पावसाच्या गावात मार्चनंतर विहिरी तळाला जातात. मानकाप्रमाणे साध्या सिमेंटला किमान सात दिवस, पीपीसीला (राख मिसळलेल्या सिमेंटला) दहा दिवस ओलं ठेवायचं. आणि बाजारात बहुतेक पीपीसीच मिळतं. मे महिन्यात टँकरचं पाणी प्यायचं की स्लॅबला घालायचं, असा प्रश्न मालकाच्या आईने मला विचारला होता. तेव्हापासून शक्य तो स्लॅब जानेवारीच्या पुढे जाऊ देत नाही. टेकू काढायची घाईही सगळ्यांना असते, कारण सेंट्रिंगवाल्याला प्लेटा पुढच्या साइटवर न्यायच्या असतात. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला (दोन आधारांमधल्या अंतराला) सात दिवस, त्याहून मोठ्याला चौदा, आणि पीपीसी असेल तर मी त्यावर आणखी काही दिवस अडवते. या एका मुद्द्यावर माझी जेवढी भांडणं झाली, तेवढी घरी नवऱ्याशीही नसतील.

आता माझीच चूक. अकरा-बारा वर्षांपूर्वीचं दुमजली घर. जिन्याच्या पहिल्या पट्टीच्या चौथ्या पायरीवरून एक बीम जात होता. आमच्या सेक्शनमध्ये (उभ्या छेदाच्या नकाशात) तो पंधरा इंची होता आणि डोक्यावर सहा फूट सात इंच मिळत होते. मधे हॉलमधला एक खांब मीच हलवला, मालकाला सोफा ठेवायचा होता म्हणून. कन्सल्टंटनी गाळा वाढला म्हणून बीम एकवीस इंची केला, तसा नकाशा पाठवला, आणि तो मी तसाच साइटवर पुढे पाठवला. सेक्शन परत काढला नाही. सहा इंच गेले. लादी आणि गिलावा धरल्यावर उरले पाच फूट अकरा. मालकाचा मुलगा सहा फूट एक इंच. त्याने बांधकाम बघायला आल्यावर तिथं कपाळ आपटून घेतलं, तेव्हा आम्हाला कळलं.

बीम तोडता येत नाही. शेवटी जिन्याची पट्टी तोडली, दोन पायऱ्या आत सरकवली, म्हणजे तेरा इंच उंची मिळाली. त्यासाठी मधलं लँडिंग वीस इंच भिंतीबाहेर काढावं लागलं आणि तिथं खिडकी आली. तोडफोडीचा आणि नव्या लँडिंगचा खर्च मी दिला, शेवटचा हप्ता मागितला नाही. मालक आजही पाहुण्यांना ती बाहेर आलेली खिडकी कौतुकाने दाखवतो. मी तिथं असले तर विषय बदलते. ऑफिसात तेव्हापासून एक गोष्ट पक्की आहे: आरसीसीचा नवा नकाशा आला की तो साइटवर जाण्याआधी ड्राफ्ट्समन सेक्शन परत काढतो, मी कितीही घाईत असले तरी. मी फार घाई केली की तो शांतपणे म्हणतो, ‘मॅडम, जिना.’

परवानग्यांबद्दल फार लिहीत नाही, तुला वाटतं तेवढं ते भयानक नाही. डिसेंबर २०२० पासून राज्याच्या बहुतेक भागाला बांधकामाची एकच नियमावली आहे, यूडीसीपीआर, त्यामुळे दर नगरपरिषदेची वेगळी पोथी पाठ करावी लागत नाही. ती एकदा बसून पूर्ण वाच, आमच्यातले फार थोडे वाचतात. गुहागरकडे काम करशील तर सीआरझेड (किनाऱ्यालगतच्या बांधकामावरचे निर्बंध) येणारच, भरतीरेषेपासून पाचशे मीटरच्या पट्ट्यात जागा आहे का ते पहिल्याच भेटीत बघायचं. चिपळुणात पूररेषा. निळी म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. कागदावर असं असलं तरी आम्ही २६ जुलै २००५ आणि २२ जुलै २०२१ असे दोन मोठे पूर सोळा वर्षांत पाहिले.

२०२१ ला आमचं ऑफिस तळमजल्यावर होतं. पहाटेपासून पाणी चढत गेलं ते माळ्यापर्यंत. वीस वर्षांच्या नकाशांच्या गुंडाळ्यांचा लगदा झाला, मॉडेलं तरंगत गेली. ड्राफ्ट्समन आदल्या रात्री हार्डडिस्क घरी घेऊन गेला होता, कारण त्याला रात्री बसून एक काम संपवायचं होतं. तेवढं वाचलं. चिखल काढताना आमच्या लक्षात आलं की आपणच डिझाइन केलेल्या शेजारच्या दुकानाचा मीटर बोर्ड साडेतीन फुटांवर आहे. आम्ही आता दुसऱ्या मजल्यावर आहोत. आणि गावातल्या सखल भागातल्या कुठल्याही कामात बोर्ड आणि इन्व्हर्टर जिन्याच्या वर, तळमजल्यावर प्लायवूडचं फर्निचर नाही, हे मालकाला न विचारता ठरतं.

पैसे. हा प्रश्न तू विचारला नाहीस, पण विचारायला हवा होता. इथं लोक सळीला, सिमेंटला, लादीला पैसे मोजतात. कागदाला मोजताना हात अडखळतो. ‘नकाशाचे किती?’ हा पहिला प्रश्न, जणू नकाशा हेच सगळं काम. मी फी टप्प्याटप्प्याने घेते आणि मोठा भाग छप्पर चढायच्या आत, कारण गणपती झाले की फोन उचलले जात नाहीत. साइटच्या भेटी कामाच्या पत्रात मोजून लिहिते, त्यापुढच्या भेटीचे वेगळे पैसे. जीएसटी अठरा टक्के म्हटल्यावर क्लायंटचा चेहरा पडतो, पण कच्च्या पावतीवर काम मी करत नाही. एखादं काम नाकारावं लागतं. कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरचं फीचं कोष्टक आहे, ते पत्राला जोडत जा. त्यातली पूर्ण फी कोणी देणार नाही, पण घासाघीस कुठून सुरू होते याला महत्त्व आहे. आणि ठेकेदाराकडून किंवा लादीच्या दुकानदाराकडून कमिशन घेऊ नकोस. नैतिकता बाजूला ठेव. ज्या ठेकेदाराचा पैसा तुझ्या खिशात आहे, त्याला तू मिक्सरपाशी उभं राहून काहीही सांगू शकणार नाहीस.

स्वतःचं ऑफिस लगेच काढू नकोस. आधी इथल्याच कोणाकडे निदान एक दसरा ते एक गणपती पूर्ण काढ. अर्धं वर्ष करून काही कळत नाही. छप्पर चढताना बघितलं आणि श्रावणात तेच घर आतून ओलं आहे का हे बघितलं नाही, तर शिक्षण अर्धंच. पगार मुंबईच्या जवळपास निम्मा असेल, राहायला घर आहे तुला, त्याचं भाडं वाचेल. सध्या माझ्याकडे जागा नाही, पण ज्युनिअर पुढच्या वर्षी लग्न करून नाशिकला जाणार आहे. दसऱ्याच्या आधी एकदा येऊन भेट. मोटरसायकल लागेल. आणि रेनकोट चांगला घे, दोन तुकड्यांचा, खिशाला झाकण असलेला. साइटवर एका हातात छत्री धरून नकाशा उघडता येत नाही.